तुळशीपलीकडचं स्वयंपाकघर

तारा गिरडकरनं आयुष्याकडे फार काही मागितलं नव्हतं. तिला एक ऐसपैस स्वयंपाकघर हवं होतं, बस. भिलाईच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरात तिचा सगळा संसार झाला, आणि त्या क्वार्टरचं स्वयंपाकघर असं, की भाकरी थापायला बसलं की पाठ भिंतीला आणि गुडघे पाण्याच्या पिंपाला. गणपतीत मराठी मंडळाच्या जेवणाला पाटोडीचा रस्सा तिच्याच हातचा लागायचा. तेव्हा ती शेगडी उचलून अंगणात बसायची आणि डोक्यावर पदर घेऊन, उन्हाला शिव्या देत, दीडशे माणसांचा रस्सा करायची. लोक बोटं चाटायचे. तारा घरी येऊन मारोतरावांना म्हणायची, रिटायर झाल्यावर मला दुसरं काही देऊ नका, हात पसरता येतील एवढा ओटा द्या.

मारोतराव भिलाईच्या पोलाद प्लांटात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनला होते. रूळ सरळ आहे की नाही हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली, आणि त्यामुळे खिशात पोलादी टेप ठेवायची खोड कायमची लागली. पलंग घ्यायचा तर टेप, पडदा शिवायचा तर टेप, मंडळाच्या गणपतीचा मांडव घातला तर तिथंही हे गृहस्थ टेप घेऊन हजर. तारा चारचौघांत सांगायची की मला पाहायला आले तेव्हा टेप घरी विसरले होते, म्हणून माझं लग्न जमलं. मारोतराव यावर फक्त हसायचे. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता.

आता अच्युतरावांबद्दल सांगायला हवं. अच्युत काळमेघ म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी, मूळचे आर्वीकडचे, म्हणजे ताराच्या माहेरच्याच बाजूचे. तारा नवी नवरी होऊन भिलाईला आली तेव्हा ते शेजारच्या क्वार्टरात एकटेच राहायचे. त्या वर्षी भाऊबीजेला तारा दारात बसून रडत होती, कारण तिला सख्खा भाऊच नव्हता आणि माहेर रेल्वेनं एक रात्र दूर. अच्युतराव आले, काही न विचारता पाट ओढला आणि त्यावर बसले. म्हणाले, "ताई, ओवाळा." तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. हर्षलला, म्हणजे ताराच्या मुलाला, पहिल्या दिवशी शाळेत यांनीच सोडलं. मारोतरावांच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर हेच बसले होते. सख्खा भाऊ असता तर त्यानं एवढं केलं असतं की नाही, याची ताराला शंका होती आणि ती शंका ती बोलूनही दाखवायची. हे सगळं खरं होतं. नंतर जे झालं त्यामुळे हे खोटं ठरत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे.

मारोतराव रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. हर्षल पुण्याहून फोन करून सांगत होता की इकडे या. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन दुसऱ्याच्या ओट्याशी उभं राहायला तारा तयार नव्हती. मग अच्युतरावांनीच विषय काढला. भिलाईला लागूनच असलेल्या कुरुदला त्यांचं एक घर होतं, भाड्यानं दिलेलं. ते स्वतः मुलाजवळ दुर्गला राहायला चालले होते. म्हणाले, घर परक्याच्या हातात जाण्यापेक्षा बहिणीच्या हातात गेलेलं बरं.

कुरुद तेव्हा अर्धं गाव आणि अर्धी कॉलनी असं होतं. एकीकडे म्हशी बांधलेल्या, दुसरीकडे जिम उघडलेली. घर बैठं होतं. पुढे ओसरी आणि दोन खोल्या, मग मोकळं अंगण, आणि अंगणापलीकडे मागच्या भिंतीला लागून स्वयंपाकघर आणि एक खोली. तारा स्वयंपाकघरात शिरली आणि तिथंच थांबली. काळ्या दगडाचा लांबलचक ओटा, पूर्वेला मोठी खिडकी, भांडी घासायला आत वेगळी मोरी. तिनं ओट्यावर दोन्ही हात पसरले. हात संपले, ओटा उरला. घर घ्यायचं हे तिनं त्या क्षणी ठरवलं, बाकीचं सगळं नुसतं बघायचं म्हणून बघितलं.

बाहेर येताना अंगणात तिच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. जमिनीतून एक दगड वीतभर वर आला होता, त्याला भाडेकरूनं बकरीची दोरी बांधून ठेवली होती. हे काय, असं तिनं विचारलं. अच्युतराव म्हणाले, जुनं आहे काहीतरी, आणि मग लगेच त्यांना एक सुचलं. "ताई, इथंच तुळस बांधून देतो तुमाले. माझ्याकडून भेट." ताराचे डोळे भरून आले. अंगठ्याचं दुखणं ती विसरूनही गेली.

मारोतरावांनी मात्र खिशातून टेप काढली होती. पुढच्या फाटकापासून मोजायला सुरुवात करावी म्हणून ते टोक अडकवायला खिळा शोधत होते. त्यांच्या मनात आणखीही एक होतं, ते त्यांनी ताराला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. तहसीलीत अर्ज दिला की पटवारी आणि त्यांचे वरचे साहेब येऊन नकाशाप्रमाणे जमीन मोजून देतात, इकडे त्याला सीमांकन म्हणतात. रजिस्ट्रीच्या आधी तेवढं करून घेऊ, महिना जाईल, जाऊ दे. तारानं हे ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याच्या हातातून टेप घेतली, गुंडाळली आणि त्याच्या खिशात परत घातली.

"भावाच्या घरात टेप नाई लावत," ती म्हणाली. "लोक काय म्हणतीन? तीस वर्षं ज्याले ओवाळलं त्याची जमीन सरकारी माणूस आणून मोजली म्हणतीन."

मारोतरावांनी टेप खिशातच राहू दिली. आता यात तारालाच दोष देणं सोपं आहे, पण टाउनशिपमध्ये राहिलेल्या माणसाला हद्द कशाशी खातात हे माहीतच नसतं. क्वार्टर कंपनीचं, जमीन कंपनीची. तुम्ही मेंदीचं कुंपण जिथं लावाल तिथपर्यंत तुमचं. शेजाऱ्याला वाटलं तर तो आपलं कुंपण हात-दोन हात पुढे घेतो, तुम्ही तुमचं घेता, पेरूचं झाड कुणाच्या बाजूला यायचं यावरून आठवडाभर रुसवा चालतो आणि दिवाळीच्या फराळात तो संपतो. अशा माणसांना पक्की विटांची भिंत दिसली की हद्द दिसली. मागे भिंत होती, म्हणजे मागे हद्द होती. मारोतरावांनाही आतून तसंच वाटत होतं, म्हणून तर त्यांनी इतक्या लवकर ऐकलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी कागदावर जमीन पाहिली होती त्यापेक्षा कमी लिहिलेली दिसली. मारोतरावांच्या नजरेतून आकडा सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी विचारलं, तेव्हा अच्युतराव हसून म्हणाले की मुद्दाम कमी दाखवली आहे, स्टॅम्प ड्यूटी तेवढीच वाचते, सगळे तसंच करतात. तुमचाच फायदा पाहिला, दाजी. तारानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की बघा, माझा भाऊ कसा आहे. मारोतरावांनी सही केली. भविष्य निर्वाह निधीचे सगळे पैसे त्या घरात गेले.

वास्तुशांतीच्या दिवशी अंगणात तुळशीचा कट्टा तयार होता. अच्युतरावांनी सुपेल्याहून स्वतः मिस्त्री आणून, उभं राहून, तो बांधून घेतला होता. खाली भक्कम सिमेंटचा चौथरा, वर चारी बाजूंनी देवळ्या, पिवळा आणि शेंदरी रंग. मजुरी विचारली तर रागावले. तारानं त्यांच्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं, एवढंच.

पुढची तीन वर्षं ताराच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. तिनं त्या ओट्यावर सांडगे, लोणची, पापड, काय काय म्हणून केलं नाही. मंडळाचा रस्सा आता तिच्या घरून शिजून जायचा, तोही सावलीत. संध्याकाळी तुळशीशी दिवा लावताना ती अच्युतभाऊंचं नाव घेऊन हात जोडायची. मारोतराव ओसरीत पेपर वाचायचे आणि टेप क्वचितच निघायची.

मागच्या बाजूचा प्लॉट तोवर मोकळाच होता. त्याचा मालक नंदिनी नगरला खाणीत नोकरीला होता, वर्षानुवर्षं इकडे फिरकला नव्हता. त्यानं तो विकायला काढला आणि साक्षी साहू नावाची एक पोरगी पाहायला आली. सुपेल्याच्या बाजारात तिचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ती आणि तिची आई भागाबाई एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. साक्षी मागच्या भिंतीवरून डोकावून ताराला काकी म्हणाली, तारानं तिला भिंतीवरूनच चहा दिला. तिनं सांगितलं की आधी सीमांकन होणार, मग रजिस्ट्री. विकणारा तिच्या सख्ख्या मावशीचा दीर होता. तरी मोजायचं, असं तारानं विचारलं. साक्षी म्हणाली, "मौसी को बुरा लगा था काकी. मैंने कहा, बुरा अभी लग जाए तो ठीक है, बाद में जिंदगी भर नहीं लगेगा." ताराला ती पोरगी जरा आगाऊ वाटली.

मोजणीचे लोक आले तेव्हा तारा कणीक मळत होती. पटवारी, त्यांचे साहेब, तिपाईवरचं यंत्र आणि नकाशा. थोड्या वेळानं त्यांनी दार वाजवलं आणि आत यायची परवानगी मागितली. तारानं पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. ते लोक मागच्या भिंतीकडे पाहतच नव्हते. ते अंगणात फिरत होते, नकाशा उलटासुलटा करत होते आणि पुन्हा पुन्हा तुळशीजवळ येऊन थांबत होते.

शेवटी पटवारी अवघडून म्हणाले की मागच्या प्लॉटची हद्द या अंगणातून जाते, आणि हद्दीचा जुना दगड इथंच कुठंतरी असायला हवा. इथंच म्हणजे कुठं, असं मारोतरावांनी विचारलं. पटवाऱ्यांनी बोटानं तुळस दाखवली. मग घाईनं म्हणाले, रहने दीजिए, भगवान की जगह है, हम दूसरे पत्थर से नाप लेंगे. साक्षी आणि तिची आई दाराशी उभ्या होत्या. भागाबाईनंही हात जोडून, तुळस तोडू नका, असं म्हटलं.

 ताराच्या पायाच्या अंगठ्यात एक जुनी कळ उठली. बकरीची दोरी बांधलेला तो दगड तिला आठवला, आणि "इथंच तुळस बांधून देतो" हे शब्द आठवले. तिनं कणकेचे हात पदराला पुसले, देवळीतला दिवा उचलून ओसरीत ठेवला, मग दोन्ही हातांनी माती उकरून रोप मुळासकट काढलं आणि बादलीत लावलं. नवऱ्याला म्हणाली, पहार आणा.

मारोतरावांनी चौथरा फोडला. सिमेंट फार मन लावून घातलं होतं, वेळ लागला. आत दगड उभाच्या उभा होता, जागचा हललेला नाही. त्याच्या डोक्यावर फुली कोरलेली होती. तारानं दगड ओळखला. बकरीच्या दोरीनं घासून त्याला मध्यावर जो गुळगुळीत पट्टा पडला होता, तोही तसाच होता.

दगडाच्या अलीकडे पुढच्या दोन खोल्या आणि अर्धं अंगण. दगडाच्या पलीकडे ओटा, खिडकी, मोरी, मागची खोली, सगळं. कागदावर लिहिलेली जमीन बरोबर दगडाच्या अलीकडची तेवढीच होती, इंचभरही कमी नव्हती. मारोतराव दगडाकडे पाहत उभे राहिले. "मी म्हटलं होतं" हे वाक्य त्या दिवशी त्यांनी उच्चारलं नाही, पुढेही कधी उच्चारलं नाही. त्यांनी उच्चारलं असतं तर ताराला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तारा एकटीच दुर्गला गेली. अच्युतराव घरीच होते, नातवाचा अभ्यास घेत होते. ताई आल्या म्हणून त्यांनी सुनेला पोहे करायला सांगितले. तारानं पोहे नको म्हटलं आणि नातू आत गेल्यावर सरळ विचारलं.

"भाऊ, तुमाले माहीत होतं?"

अच्युतरावांनी चष्मा काढून पुसला. पुष्कळ वेळ पुसला. मग त्यांनी इकडचं तिकडचं सांगायला सुरुवात केली. तो प्लॉट तेव्हा पडीक होता, मालक येत नव्हता, स्वयंपाकघर बांधताना वाटलं होतं की पुढंमागं तेवढा तुकडा विकत घेऊन टाकू. मग मुलाचं लग्न निघालं, राहून गेलं. सगळ्या कुरुदमध्ये असंच आहे, कोण कुणाच्या जमिनीत आहे ते देवालाच ठाऊक. तारा ऐकत राहिली. तिनं पुन्हा तेच विचारलं, तेव्हा ते थोडे चिडले.

"मी काई लपवलं नाई, ताई. कागद खराच दिला तुमाले. दाजी टेप घेऊन उभे होते, मी नाई म्हटलं का? मोजू दिलं असतं. तुमीच बंद करून ठेवाले लावली."

ताराला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. कारण ते खरं होतं. ज्या विश्वासानं तिनं टेप गुंडाळली, तोच विश्वास हा माणूस आता तिच्यासमोर तिची चूक म्हणून ठेवत होता. तिनं तुळशीचं विचारायचं ठरवलं होतं. इतके दिवस मी तिथं दिवा लावला, तुमचं नाव घेतलं, मिस्त्रीसमोर उभं राहून तुम्ही कशावर सिमेंट टाकत होतात, असं सगळं.  त्यातलं काहीच न विचारता ती उठली, चपला घातल्या आणि निघाली. मागून अच्युतराव म्हणाले की रिक्षापर्यंत सोडतो. सवयीनं म्हणाले असतील.

परतीच्या वाटेवर ती मनातल्या मनात जुनी वर्षं उलगडून पाहत होती. पाटावर आपणहून बसलेला तो पोरगा, हर्षलचं दप्तर, दवाखान्याचा बाक. यातलं काय खरं धरायचं आणि काय नाही, हे तिला ठरवता येईना. सगळंच खोटं असतं तर सोपं गेलं असतं. एका माणसानं तिच्यासाठी बाकावर रात्र काढली आणि त्याच माणसानं तिला दुसऱ्याच्या जमिनीवर आणून बसवलं. ही दोन्ही माणसं एकच होती, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी रिक्षावाल्यानं विचारलं की रडताय का. ती म्हणाली, धूळ गेली.

वकिलानं कागद पाहून मान हलवली. विकलं ते लिहिलेलंच विकलं, तोंडचं कोण धरतो. भांडायचं तर वर्षं जातील. साक्षीनं तर रजिस्ट्री दगडापर्यंतच्या पूर्ण जमिनीची केली होती, तो तिचा हक्कच होता. पण तिनं दिवाळीपर्यंत वेळ दिला, आणि स्वयंपाकघर पाडायच्या दिवशी तिची आई मदतीला आली. तारानं डबे काढले, खुंट्या काढल्या. काळा ओटा निघताना दोन ठिकाणी मोडला. भागाबाईनं ताराचा हात धरला होता, छत्तीसगढीत काहीतरी पुटपुटत होती, ताराला त्यातलं निम्मंच कळलं. मारोतराव बाहेर जाऊन उभे राहिले. तारानं पुढच्या खोलीत एका टेबलावर शेगडी मांडली. पाठ भिंतीला लागत होती.

भाऊबीजेला अच्युतराव आले.

येतील असं ताराला वाटलंच होतं. तीस वर्षांची सवय मोडून चालणार नव्हती, मंडळात लोकांनी विचारलं असतं. हातात साडीची पिशवी, अंगावर नवा सदरा. ओसरीत येऊन झालं-गेलं अशा चेहऱ्यानं उभे राहिले आणि नेहमीसारखा पाट शोधू लागले. पाट मांडलेला नव्हता. मधल्या दारातून दिसणाऱ्या अंगणात दगड उघडा उभा होता, त्याच्या पलीकडे मोकळी माती आणि साक्षीच्या भिंतीसाठी बांधलेली दोरी.

तारा मारोतरावांकडे गेली. त्यांच्या खिशातून तिनं टेप काढली.

"हे टोक धरा, भाऊ," ती म्हणाली. "दगडावर धरा."

अच्युतराव हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसणं थांबलं. त्यांनी साडीची पिशवी खाली ठेवली आणि टोक घेऊन अंगणात गेले. दगड वीतभरच वर होता, त्यामुळे त्यांना नव्या सदऱ्यानं गुडघ्यावर बसावं लागलं. तारा टेप सोडत पुढच्या खोलीतून, ओसरीतून, फाटकापर्यंत गेली. तिथं तिनं आकडा वाचला, घरभर ऐकू जाईल असा. कागदावर लिहिलेला होता तोच. मारोतरावांनी मान हलवली.

"कागद खरा होता," ती तिथूनच म्हणाली. "तुमी म्हटलं होतं, तो खोटा लिवला हाये. मी कागदापेक्षा तुमाले खरं धरलं. एवढंच मोजाचं रायलं होतं, आज झालं. सोडा आता."

अच्युतरावांनी टोक सोडलं. टेप सरसरत खोल्यांमधून मागे आली आणि ताराच्या हातात गुंडाळली गेली. तिनं ती नवऱ्याला दिली, आत जाऊन टेबलावरची शेगडी पेटवली आणि दोघांपुरताच चहा टाकला.